पाचशे रुपयांचा सल्ला

सोयाबीनची रास झाली, कट्टे आडतीवर गेले आणि पट्टी हातात आली की धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावात घरोघरी हिशेब मांडला जातो. कृषी सेवा केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज, लातूरला शिकवणीसाठी ठेवलेल्या मुलाचं खोलीभाडं, दवाखाना. बहुतेक घरांत हिशेब इथंच संपतो, काही घरांत उलटी बाकी निघते. ज्या घरात दहा-वीस हजार उरतात तिथं पुढचा प्रश्न येतो: आता हे कुठं टाकावं? पूर्वी हा प्रश्न वर्षातून एकदा आणि बहुधा घरातल्या पुरुषांना पडायचा. जुलै २०२४ पासूनचे ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये बायकांच्या खात्यावर जमा होऊ लागले आणि तो दर महिन्याला, बायकांनाही पडू लागला. त्या दीड हजारातले पाचशे बाजूला टाकायचं जिनं ठरवलं, ती विचारणार कोणाला?

विचारायला माणसं आहेत, आणि ती गावातलीच आहेत. एलआयसीचा एजंट असतो. तो बहुधा शिक्षक, निवृत्त कर्मचारी नाहीतर भावकीतलाच कोणी. पोस्टाची आरडी गोळा करणारी ताई असते. बाजारातल्या टपऱ्यांवरून आणि किराणा दुकानांतून रोजचे वीस-पन्नास रुपये जमवणारा पतसंस्थेचा पिग्मी एजंट असतो. बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवणारा बँकमित्र असतो. म्युच्युअल फंडाचं काम करणारा एखादा उमरग्याचा नाहीतर लातूरचा ओळखीचा निघतो. कोणी त्यांना भाऊ म्हणतं, कोणी काकू, कोणी सर. गावाच्या दृष्टीनं हेच पैशातलं कळणारे लोक. कायद्याच्या दृष्टीनं यांतला एकही सल्लागार नाही. हे सगळे विक्रेते, वितरक किंवा वसुली करणारे आहेत, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा, नियामक वेगळा, कमिशनचा दरही वेगळा.

कायद्यानं सल्लागार कोणाला म्हणायचं हे भांडवली बाजाराचा नियामक असलेल्या सेबीच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार विनियमांत लिहिलं आहे. त्याची नोंदणी सेबीकडे हवी, राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेच्या परीक्षा उत्तीर्ण हव्यात, आणि त्यानं ग्राहकाकडून फी घ्यायची. ज्या ग्राहकाला सल्ला दिला त्याच्या गुंतवणुकीवर कंपनीकडून कमिशन घ्यायचं नाही. कल्पना स्वच्छ आहे. पण देशभरात असे नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपासच राहिले आणि त्यांतले बहुतेक मोठ्या शहरांत बसतात. म्युच्युअल फंडाचे वितरक लाखाहून जास्त आहेत. एलआयसीचे एजंट तेरा लाखांहून जास्त. एकशे चाळीस कोटींच्या देशाला हजार सल्लागार. त्यांतला सास्तूरच्या वाट्याला किती येणार?

हे असं का झालं ते समजून घ्यायचं तर त्या पाचशे रुपयांमागे जाऊन पाहावं लागतं. समजा, एका बाईनं दर महिन्याला पाचशे म्हणजे वर्षाला सहा हजार रुपये टाकायचं ठरवलं. तिनं पोस्टात एजंटामार्फत आरडी उघडली तर महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत एजंटाला चार टक्के मिळतात. महिन्याला वीस रुपये, वर्षाला दोनशे चाळीस. ती ताई त्यासाठी दर महिन्याला घरी येते, कार्डावर सही करते, पैसे पोस्टात भरते. तेच सहा हजार एलआयसीच्या दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत गेले तर पहिल्या वर्षी एजंटाला, ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या दरानं, बोनस धरून पस्तीस टक्क्यांपर्यंत म्हणजे एकवीसशे रुपये मिळायचे. नंतर हा दर अठ्ठावीस टक्क्यांवर आला, म्हणजे सोळाशे ऐंशी. तेच पाचशे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत गेले तर वितरकाला जमा रकमेवर वर्षाला साधारण एक टक्का मिळतो. पहिल्या वर्षाची सरासरी शिल्लक सव्वातीन हजार धरली तर कमाई होते बत्तीस रुपये. वर्षाची! सास्तूरहून लोहाऱ्याला एकदा मोटारसायकलवर जाऊन येण्याचं पेट्रोलही त्यात धड निघत नाही.

आणि ती बाई नोंदणीकृत सल्लागाराकडे गेली तर? त्याला कंपनीकडून काही नाही, त्यानं फी तिच्याकडूनच घ्यायची. सहा हजारांच्या बचतीसाठी ती किती फी देईल?

या हिशेबात सगळ्यात महत्त्वाची ओळ अजून आलेलीच नाही. कदाचित तिच्यासाठी यांतलं काहीच योग्य नसेल. गावोगावी बायकांच्या गटांना मायक्रोफायनान्स कंपन्या वीस-पंचवीस टक्के व्याजानं कर्ज देतात. अंगावर असं कर्ज असताना पावणेसात टक्क्यांच्या आसपास व्याज देणारी आरडी उघडणं म्हणजे एका हातानं मिळवून दुसऱ्यानं तिप्पट-चौपट गमावणं. तिला खरा सल्ला असा: ‘काकू, आधी कर्ज फेडा. मग दोन-तीन महिन्यांचा खर्च बँकेत साधा ठेवा. घरात कमावणारा एकच असेल तर त्याचा साधा मुदत विमा घ्या. मग बाकीचं बोलू.’ हे सांगणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांसाठी कुठलीही कंपनी कमिशनचा एक पैसा देत नाही. गावात जे बोललं जातं ते जिथून पैसे मिळतात तिथूनच बोललं जातं, आणि याचा दोष मी त्या एजंटाला देणार नाही. त्यालाही घर आहे. दोष रचनेचा आहे, आणि ती रचना दूरच्या शहरात, सास्तूरच्या कोणालाही न विचारता केली गेली.

या रचनेला वळण देणारी तारीख म्हणजे १ ऑगस्ट २००९. त्या दिवसापासून सेबीनं म्युच्युअल फंडावरचा प्रवेशभार बंद केला. तोवर शंभर रुपये गुंतवले की सव्वादोन रुपयांपर्यंत आधीच कापले जात आणि त्यातून वितरकाचं कमिशन निघे. सी. बी. भावे तेव्हा सेबीचे अध्यक्ष होते. निर्णयामागचं कारण खरं होतं. नवी योजना बाजारात आली की जुनी मोडून नवी घ्यायला लावायची आणि पुन्हा कमिशन मिळवायचं, असा खेळ सर्रास चालायचा. सामान्य गुंतवणूकदाराचं त्यात नुकसान व्हायचं. प्रवेशभार गेला हे मला योग्यच वाटतं. पण त्याच्या जागी छोट्या माणसाच्या पोटाची सोय काय, हे ठरवलं नाही. वितरकानं ग्राहकाकडून वेगळा धनादेश घ्यावा, असं कागदावर ठरलं. मुंबईत मोठ्या खातेदाराकडून असा धनादेश मिळतही असेल. तालुक्याच्या गावी सल्ल्यासाठी वेगळे पैसे मागणं म्हणजे नातं तोडणं. तिथल्या छोट्या वितरकांनी हळूहळू काम सोडलं. बँका आणि मोठ्या वितरण कंपन्या टिकल्या.

काम सोडलेली माणसं गेली कुठं? बरीचशी विम्याकडे गेली, कारण तिथं कमिशन शाबूत होतं. बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसींचा तो काळ. एप्रिल २०१० मध्ये सेबीनं चौदा विमा कंपन्यांविरुद्ध आदेश काढला, विमा नियामकानं कंपन्यांची बाजू घेतली, आणि शेवटी जूनमध्ये केंद्र सरकारला अध्यादेश काढून युलिप विमा नियामकाच्या हद्दीत असल्याचं सांगावं लागलं. सप्टेंबर २०१० पासून युलिपच्या खर्चावर मर्यादा आली. दोन नियामक हद्दीसाठी भांडत होते तेव्हा गावातला माणूस दोघांचंही ऐकत नव्हता. त्याच्यासमोर एकच एजंट बसला होता, आणि त्याच्या बॅगेत दोन्ही अर्ज होते. २००९ च्याच डी. स्वरूप समितीनं हे ओळखलं होतं. सगळ्या प्रकारच्या सल्लागारांसाठी एकच संस्था असावी आणि कमिशन टप्प्याटप्प्यानं संपवावं, असं तिनं सुचवलं. २०१५ मध्ये सुमित बोस समितीनंही गुंतवणुकीवरचं आगाऊ कमिशन काढून टाकायला सांगितलं. सेबीनं आपल्या हद्दीत २०१८ मध्ये ते केलं. एक संस्था, एक नियम मात्र आजतागायत झाला नाही.

२०१० नंतरची काही वर्षं मी महाराष्ट्राच्या ग्रामीण पैशाच्या इतिहासातली सगळ्यात वाईट मानतो. नियमातला माणूस परवडेनासा होऊन निघून गेला होता, आणि त्याच्या मोकळ्या खुर्चीवर नियमाबाहेरचे येऊन बसले. पुण्याची ‘समृद्ध जीवन’ शेळ्या-मेंढ्या आणि जनावरांच्या नावानं पैसे गोळा करत होती. शेतकऱ्याला शेळी कळते, तिला वर्षात किती पिल्लं होतात हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून ही योजना त्याला शेअर बाजारापेक्षा खरी वाटली. २०१३ मध्ये सेबीनं कंपनीला नव्यानं पैसे गोळा करायला मनाई केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली ती तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) पोलिसांकडून, उमरगा तालुक्यातल्या एका फसवणुकीच्या गुन्ह्यात. सास्तूर १९९३ मध्ये याच उमरगा तालुक्यात होतं; लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. दुसरं नाव पीएसीएलचं. शेतजमिनीच्या नावानं या कंपनीनं देशभरातल्या ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये उभे केले होते. ते परत करण्याचा आदेश सेबीनं २२ ऑगस्ट २०१४ रोजी दिला. परताव्यासाठी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्या. लोढा समिती नेमली.

या कंपन्यांनी पैसा गोळा केला तो गावातल्याच माणसांच्या तोंडून. त्यांनी एजंट नेमले, त्यांच्या हाताखाली एजंट नेमले, आणि कमिशन घसघशीत दिलं. गावात ज्याच्या शब्दाला किंमत होती, त्याचा शब्द विकत घेतला. कंपनी बुडाली तेव्हा मुंबई-दिल्लीच्या कार्यालयात जाण्याची ऐपत कोणाची नव्हती. लोक एजंटाच्या दारात जाऊन बसले. या एजंटांपैकी अनेकांनी स्वतःचे, बहिणीचे, सासऱ्याचे पैसे त्यातच टाकलेले होते. लोकांचे पैसे घेऊन पळाला, असं ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्यांतले किती जण खरोखर फसवणारे आणि किती जण आधी स्वतः फसलेले, याची वेगळी मोजदाद कोणी केली नाही. करायला हवी होती.

हे जुनं झालं म्हणावं, तर गेल्या काही वर्षांत धाराशिव आणि बीड या शेजारी जिल्ह्यांनी दोन वेगळे धडे पाहिले. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एका खऱ्या सल्लागाराचं मोल कळतं. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं धाराशिवच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँक बुडाली, पण ती बँक होती. ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण तिच्या ठेवींना होतं, आणि नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेनं त्याच वेळी जाहीर केलं. त्यानंतर, २०२३ मध्ये, बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेच्या शाखांना कुलपं लागली. तिचे ठेवीदार लाखांच्या घरात होते. संस्थापकाला २०२४ मध्ये अटक झाली, तपास आणि खटले सुरू झाले. ती पतसंस्था होती. तिच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची नव्हे, दिल्लीतल्या केंद्रीय सहकार निबंधकाची, आणि तिच्या ठेवींना ठेव विमा नव्हता. बाहेरून दोन्ही ठिकाणी तीच काचेची केबिन, तोच पासबुकाचा कागद, तेच ‘बँकेत पैसे ठेवले’ हे शब्द. पतसंस्थेत व्याज जास्त, एवढाच फरक. त्या जादा व्याजामागे पाच लाखांचं संरक्षण गेलं, हे सांगायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य सांगण्यात कोणाचा फायदा नव्हता, म्हणून ते सांगितलं गेलं नाही.

मग या छोट्या एजंटांच्या आणि वितरकांच्या वतीनं बोलतं कोण? इथं मला या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ दिसते.

म्युच्युअल फंडाच्या वितरकाला नोंदणी क्रमांक देते ती ॲम्फी. ही संस्था १९९५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे सभासद आहेत फंड कंपन्या. म्हणजे वितरकाचा परवाना, आचारसंहिता आणि शिस्तभंगाची कारवाई त्याला कमिशन देणाऱ्या कंपन्यांच्याच संघटनेच्या हातात आहे. २०१४ मध्ये वितरकांसाठी स्वनियामक संस्था उभी करण्याची वेळ आली, तेव्हा सेबीनं ॲम्फीनंच पुढे केलेल्या संस्थेला तत्त्वतः मान्यता दिली. दुसऱ्या इच्छुक संघटनांनी त्याला रोखे अपील न्यायाधिकरणात आव्हान दिलं, आणि पुढे ती संस्था उभीच राहिली नाही. २००९ च्या धक्क्यानंतर वितरकांनी ‘फाउंडेशन ऑफ इंडिपेन्डन्ट फायनान्शियल ॲडव्हायजर्स’सारख्या स्वतःच्या संघटना उभ्या केल्या, फीवर चालणाऱ्या नोंदणीकृत सल्लागारांनीही आपली संघटना काढली. त्यांनी चांगलं काम केलं आहे, पण त्यांच्या बैठका आणि चिंता मोठ्या शहरांतल्या आहेत. महिन्याला वीस एसआयपी, तीही पाचशेची, करणारा लोहाऱ्याचा माणूस त्यांच्या मंचावर बसलेला दिसत नाही.

विम्याच्या एजंटांचं बळ त्यांच्या संख्येत आहे. एलआयसी एजंटांच्या ‘लियाफी’सारख्या संघटनांनी अनेक दशकं बाजू लावून धरली. नूतनीकरण कमिशनच्या वारसाहक्काच्या तरतुदीमुळे एजंट गेल्यावरही त्याच्या घरच्यांना आधार राहतो. ही छोटी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या वर्षाचं कमिशन घटलं तेव्हा हे एजंट देशभर रस्त्यावर उतरले. त्यांची चिंता मला समजते. पण कमिशन का बदललं? मुदतीआधी पॉलिसी सोडणाऱ्याला जास्त पैसे परत मिळावेत, असा नवा नियम आला म्हणून. हप्ता थकल्यामुळे पॉलिसी बंद पडून पैसे गमावणाऱ्या दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यासाठी हा नियम फार मोलाचा होता. एजंटांच्या मागण्यांत त्याच शेतकऱ्याच्या बाजूनं एखादी मागणी असती, तर त्या आंदोलनाला मराठवाड्यात वेगळंच बळ आलं असतं. प्रतिनिधित्व फक्त दराचं झालं की ते ग्राहकाच्या विरोधात उभं राहतं.

पोस्टाच्या ताईंची गोष्ट वेगळी आहे. २०११ मध्ये श्यामला गोपीनाथ समितीनं महिला प्रधान योजनेतलं चार टक्के कमिशन टप्प्याटप्प्यानं एक टक्क्यावर आणायला सुचवलं होतं. सरकारनं १ डिसेंबर २०११ पासून पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक योजनेतलं एजंटांचं कमिशन बंद केलं, इतर बचतपत्रांवरचं निम्मं केलं, पण या बायकांचे चार टक्के तसेच ठेवले. घरी येऊन महिन्याचे पाचशे घेऊन जाणारी बाई आजही परवडते, ती या एका निर्णयामुळे. पिग्मी एजंटांच्या वाट्याला न्यायालय आलं. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं दोन आण्यांपासून पिग्मी सुरू केली. त्या एजंटांना सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये कामगार मानलं. गावोगावच्या पतसंस्थांतल्या पिग्मी एजंटापर्यंत तो निकाल कितपत पोचला, हा वेगळा प्रश्न.

सेबीनं छोट्या गावांचा विचार केलाच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पहिल्या काही शहरांपलीकडून येणाऱ्या पैशासाठी जादा खर्चाची मुभा २०१२ पासून होती. तिचा गैरवापर होतो म्हणून ती मार्च २०२३ मध्ये थांबवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनं नव्यानं परिपत्रक काढलं: पहिल्या तीस शहरांबाहेरच्या नव्या गुंतवणूकदारासाठी आणि नव्या महिला गुंतवणूकदारासाठी वितरकाला पहिल्या वर्षाच्या रकमेवर एक टक्का जादा, जास्तीत जास्त दोन हजार. आपल्या बाईच्या सहा हजारांवर ते होतात साठ रुपये. आधीचे बत्तीस मिळवले तर ब्याण्णव. पोस्टाच्या ताईला दोनशे चाळीस मिळतात. दोन हजारांची कमाल मर्यादा गाठायची तर ग्राहकानं पहिल्या वर्षी दोन लाख टाकावे लागतात, म्हणजे हा पैसा जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर आणि कंत्राटदार गाठण्यात जाईल, हे उघड आहे. रकमेच्या प्रमाणात पैसे देण्याची पद्धत गरिबाच्या बाबतीत नेहमी इथंच येऊन अडकते. माणूस मोजून पैसे दिले, नव्या खात्यामागे ठरावीक रक्कम दिली, तर चित्र बदलेल.

सल्लागारांच्या बाबतीतही २०२० ची चूक २०२४ मध्ये सुधारली. २०२० च्या दुरुस्तीनं व्यक्तिगत सल्लागाराकडून पदव्युत्तर शिक्षण, पाच वर्षांचा अनुभव आणि पाच लाखांची निव्वळ मालमत्ता मागितली होती. हे नियम ज्यांनी लिहिले त्यांच्या नजरेसमोर लोहारा तालुका नक्कीच नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये ते बदलले: पदवी पुरे, अनुभवाची अट गेली, दीडशे ग्राहकांपर्यंत एक लाखाची ठेव, आणि दुसरं काम सांभाळून पंचाहत्तर ग्राहकांपर्यंत अर्धवेळ सल्लागार होण्याची सोय. शेतीची आणि बाजाराची दोन्ही भाषा येणारी सास्तूरची एखादी बी.कॉम. झालेली मुलगी कागदोपत्री आज सल्लागार होऊ शकते. तिला फी देणार कोण, हा प्रश्न तेवढा उरला.

तोच प्रश्न ब्रिटनला पडला होता. ३१ डिसेंबर २०१२ पासून तिथं गुंतवणूक सल्ल्यावरचं कमिशन बंद झालं आणि सल्लागारानं फी घ्यायची ठरलं. सल्ल्याचा दर्जा वाढला, पण मोठ्या बँकांनी छोट्या ग्राहकाला सल्ला देणं थांबवलं आणि ज्यांच्याकडे थोडकी बचत होती ते सल्ल्याविना राहिले. छोट्या स्वतंत्र सल्लागारांची संघटना २०१७ मध्ये संपत्ती व्यवस्थापकांच्या संघटनेत विलीन झाली. छोट्यांचा वेगळा आवाज मोठ्यांच्या आवाजात मिसळला. तिथल्या सुबत्तेतही फीवर गरिबाचा सल्ला उभा राहिला नाही, तर सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या गावात तो फक्त फीवर उभा राहील, अशी आशा मला धरता येत नाही.

पण या भागाकडे स्वतःचं एक उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या त्या रात्री, भूकंपानं तेरणेच्या खोऱ्यातली गावं पाडली. सास्तूर त्यांतलं एक. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली; जमिनीच्या प्रमाणात अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. त्यापलीकडच्या बाराशेच्या आसपास गावांत पडझड झालेली घरं लोकांनी स्वतः दुरुस्त करायची आणि मजबूत करायची होती, सरकारी मदतीचे हप्ते घेऊन. तिथं लोकांना अवघड तांत्रिक गोष्टी समजावणं भाग होतं: कोपरे कसे बांधायचे, दगडी भिंतीत आडवे बांध कुठं घालायचे, हप्ता कधी मिळणार. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं यासाठी गावागावांतल्या बायका पुढे आणल्या. त्यांना संवाद सहाय्यक म्हणत. त्या घरोघर जात, इंजिनिअरचं बोलणं गावाच्या भाषेत सांगत आणि गावाची अडचण अधिकाऱ्यापर्यंत नेत. त्यांच्याकडे विकायला सिमेंट नव्हतं, सळई नव्हती. त्या कामाचा खर्च पुनर्वसनाच्या कार्यक्रमातून झाला. पुढे याच बायकांतून लातूर-धाराशिवमध्ये बचतगटांचं जाळं उभं राहिलं.

सल्ला देणाऱ्याच्या हातात विकायला काही नसावं, तो गावातला असावा, त्याचा मेहनताना सार्वजनिक पैशातून यावा, आणि त्यानं वरचं खाली व खालचं वर, दोन्ही नेलं पाहिजे. घरांच्या बाबतीत हे इथं तीस वर्षांपूर्वी झालं. पैशाच्या बाबतीत करायला अडचण काय?

पैशाची अडचण नाही. गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी फंड कंपन्यांनी आपल्याकडच्या दर शंभर रुपयांमागे वर्षाला दोन पैसे बाजूला काढावेत, असा सेबीचा नियम २०१२ पासून आहे. २०१७ पासून टीव्हीवर दिसणारी ‘म्युच्युअल फंड सही है’ ही जाहिरात त्याच पैशांतून चालते. २०२५ मध्ये फंडांकडची रक्कम पंचाहत्तर लाख कोटींच्या वर गेली. दोन पैशांच्या हिशेबानं दीड हजार कोटी होतात. इंडेक्स फंडांचं प्रमाण आता कमी केलं आहे, म्हणून ढोबळ हजार कोटी धरू. देशात विकास गट (ब्लॉक) सुमारे सात हजार. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला चौदा लाख येतात. लोहारा तालुक्यात त्यातून तीन-चार सल्लागार पगारावर ठेवता येतील, त्यांची एक लाखाची ठेव भरता येईल, परीक्षेची तयारी मराठीतून करून घेता येईल. त्यांना कमिशन घेण्याची बंदी असावी, आणि नोकरीवर ठेवण्या-काढण्याचा अधिकार फंड कंपन्यांकडे वा बँकांकडे नसावा. तो बचतगटांच्या तालुका पातळीवरच्या संघाकडे असावा. सेबी नवा मसुदा काढते तेव्हा तो इंग्रजीत संकेतस्थळावर येतो आणि हरकतींना जेमतेम काही आठवडे मिळतात. तो मराठीत लोहाऱ्याला पोचवणं आणि तिथल्या हरकती मुंबईला लिहून पाठवणं, हेही याच माणसांच्या कामात धरावं.

पोस्टाच्या ताईचे चार टक्के चालू राहावेत, एलआयसीच्या एजंटानं विमा विकावा, वितरकानं फंड विकावा. यांपैकी कोणाचं काम काढून घ्यायचं कारण नाही. फक्त अर्जावर सही करण्याआधी पाचशे रुपयांच्या त्या बाईला एकदा जाऊन विचारता येईल असं एक ठिकाण सास्तूरच्या बाजारात असावं. तिथं बसलेल्या मुलीनं पहिला प्रश्न विचारावा, ‘काकू, कर्ज किती आहे?’ आणि दुसरा, ‘पैसे ठेवताय ती बँक आहे की पतसंस्था?’